डेल्फीनला विचारा मार्ग

पाट्यांचा ट्रक आवारात शिरला तेव्हा वर्डेल रेड विलोनं हातातली कॉफी खिडकीत ठेवली, ती दोन दिवस तिथंच राहिली. तो रस्ते विभागाच्या अंगणात धावत गेला आणि ट्रक नीट थांबायच्या आत मागच्या फळीवर चढला. तीन वर्षं, त्रेसष्ट रस्ते, एक हजार एकशे चार घरं. लाकोटा जमातीच्या पत्ते विभागात तो एकटाच नोकर होता, त्यामुळे साहेबही तोच आणि शिपाईही तोच. आता त्याचं सगळं काम हिरव्या पत्र्यांवर पांढऱ्या अक्षरांत छापून रॅपिड सिटीहून आलं होतं. काही नावं लाकोटा भाषेत होती, काही इंग्रजीत.

"बघ लेलँड, उन्हात कशी चमकतात," तो म्हणाला.

लेलँड हा खांब पुरणारा माणूस, आणि सगळे खांब त्यानं आधीच पुरून ठेवले होते. त्यानं एक पाटी उचलून वजन पाहिलं. "जड आहेत. केव्हा लावायच्या?"

"आत्ता."

"आज शुक्रवार आहे, भावा."

"म्हणून तर आत्ता."

वर्डेलच्या घाईला कारण होतं. चार वर्षांपूर्वी, जानेवारीत, त्याची आई अंगणातल्या बर्फावर घसरून पडली. अँब्युलन्सवाल्याला त्यानं फोनवर नीट पत्ता सांगितला होता, 'पूर्वी दुकान होतं तिथून डावीकडे.' दुकान जळून वीस वर्षं झाली होती आणि अँब्युलन्सवाला नवीन होता. बिचारा पन्नास मिनिटं न दिसणारं दुकान शोधत फिरला. आई वाचली, पण अजून काठी घेऊन चालते. तेव्हापासून वर्डेलच्या डोक्यात एकच होतं. प्रत्येक घराला क्रमांक, प्रत्येक रस्त्याला नाव.

नाव मात्र त्या रस्त्यावरच्या लोकांनी एकमतानं ठरवायचं, असा जमातीच्या कौन्सिलचा नियम होता. बासष्ट रस्त्यांचं एकमत झालं. पश्चिमेच्या एका रस्त्यावर अडलं. तिथं एका बाजूला गुड एल्क कुटुंबाची घरं, दुसऱ्या बाजूला ब्रोकन रोप कुटुंबाची. गुड एल्कना त्यांच्या आजोबांचं नाव हवं होतं, कारण तिथली पहिली विहीर त्यांनी खणली. ब्रोकन रोपना त्यांच्या घोड्याचं नाव हवं होतं, कारण तो सलग सहा शर्यती जिंकला होता. चार तास बैठक चालली. आजोबा थोर की घोडा थोर, यावर दोघं जण बाहेर जाऊन शर्टाच्या बाह्या सरसावून परत आले. शेवटी कोणीतरी म्हणालं, "डेल्फीनला विचारा." डेल्फीन आत्या जन्मानं गुड एल्क, लग्नानं ब्रोकन रोप, आणि वयानं चौऱ्याहत्तर. तिचा शब्द दोन्हीकडे चालायचा. वर्डेलनं तक्त्यात नावाच्या रकान्यात तेवढंच टिपून ठेवलं. मग तो तीनदा तिच्या घरी गेला आणि तीनही वेळा ती बिंगो खेळायला गेलेली होती. चौथ्यांदा जायचं राहून गेलं. तक्ता पाट्या बनवणाऱ्यांकडे गेला तो तसाच.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत सगळीकडे पाट्या उभ्या राहिल्या. लोक गाड्या काढून बघायला निघाले. आपल्या पाटीखाली उभं राहून फोटो काढले, दुसऱ्यांच्या पाट्यांना नावं ठेवली. एका आजीनं तर पाटीला लाल फडकं बांधलं. तीन वर्षांत झोपला नव्हता इतका शांत वर्डेल त्या रात्री झोपला.

शनिवारी सकाळी फोन आला.

"वर्डेल, मी डेल्फीन. माझ्या दारात एक माणूस उभा आहे."

"कोण आहे, आत्या?"

"ओळखीचा नाही. म्हणतोय, तुम्हाला काय विचारायचं असतं?"

वर्डेल गाडी घेऊन सुसाट गेला. रस्त्याच्या तोंडाशी नवाकोरा खांब होता आणि त्याच्यावर लिहिलं होतं, 'डेल्फीनला विचारा मार्ग'. त्यानं लेलँडला फोन लावला.

"तू हे वाचलं नाहीस का लावताना?"

"वाचलं ना. मला वाटलं, चांगलं नाव आहे. खरंही आहे. काढू का? पण एकदा लावलेली पाटी काढायला ठराव लागतो. नियम तूच केलायस."

हे खरं होतं. लोकांनी रातोरात पाट्या बदलू नयेत म्हणून वर्डेलनंच तो नियम कौन्सिलकडून मंजूर करून घेतला होता.

तोपर्यंत डेल्फीनच्या दारात तीन गाड्या झाल्या होत्या. पहिला मिशिगनचा पर्यटक होता, त्याला राष्ट्रीय उद्यानाकडे जायचं होतं. डेल्फीननं ओठ पुढे काढून दिशा दाखवली, तशी इथं सगळेच दाखवतात. पर्यटकाला वाटलं बाई रागावल्या, म्हणून त्यानं माफी मागितली. दुसरी गाडी पार्सलवाल्याची. तिसरीत एक तरुण बाई होती. पाटी वाचून ती गंमत म्हणून वळली होती, पण आलोच आहोत तर विचारू या म्हणाली.

"घरदुरुस्तीच्या यादीत माझा कितवा नंबर आहे, कुणी सांगतच नाही हो. आठ महिने झाले. छत गळतंय."

"थांब," म्हणून डेल्फीननं भाचीला फोन लावला. भाची घरबांधणी कार्यालयात कामाला होती. "रोझेला, शनिवार आहे ते मला कळतं. यादी तुझ्या डोक्यात असते तेही मला कळतं." मग फोन ठेवून ती त्या बाईला म्हणाली, "सातवा. पुढच्या महिन्यात माणसं येतील. नाही आली तर परत ये."

ती बाई दुपारी नातेवाइकांकडे जेवायला गेली. तिथं वीस माणसं होती.

रविवारी चर्च सुटल्यावर डेल्फीनच्या अंगणात गाड्या लावायला जागा उरली नाही. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन आले. पाण्याची पाइपलाइन आमच्या वस्तीपर्यंत केव्हा येणार? रस्ते सपाट करणारा ग्रेडर आमच्याकडे का फिरकत नाही? दवाखान्याची गाडी मंगळवारी येते की बुधवारी? डेल्फीन ज्याला त्याला फोन लावायची. तिचा कोणीतरी प्रत्येक कार्यालयात होता. नसला तर त्याची आई तरी हिच्या ओळखीची होती, आणि ते जास्त उपयोगी पडायचं. ब्रोकन रोपांच्या सुना फ्राय ब्रेड तळायला लागल्या. गुड एल्कांनी मोठ्या पातेल्यात सुकवलेल्या मांसाचं सूप आणलं. पातेल्यातही मागे पडू नये म्हणून ब्रोकन रोपांनी चोकचेरीच्या रानफळांचं गोड, घट्ट वोजापी केलं. चार तास बाह्या सरसावून बसलेली माणसं एका टेबलाशी जेवत होती, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी कौन्सिलच्या अध्यक्षा मार्व्हेला यांनी वर्डेलला बोलावलं.

"आज पाण्याच्या कार्यालयात एक माणूस आला नाही. घरबांधणीत एक नाही. रस्ते विभागात एकच आला, तो लेलँड. लोक कुठे आहेत?"

"डेल्फीन आत्याकडे."

"आणि माझे कर्मचारी?"

"तिचे फोन घेतायत."

"बुधवारी वॉशिंग्टनहून माणसं येतायत. आपली कार्यालयं कशी चालतात ते बघायला. त्यांना मी एका व्हरांड्यात नेऊ? ठरावाचं नंतर बघू. शिडी आहे ना तुझ्याकडे?"

वर्डेल काम चोख करणारा माणूस. नुसती पाटी काढून भागणार नाही, नकाशातही नाव राहता कामा नये, म्हणून त्यानं आधी अँब्युलन्स पाठवणाऱ्या मदत केंद्राला लेखी कळवलं की हे नाव ताबडतोब पुसावं. जमातीच्या इतिहासात कुठल्याच अर्जावर इतकी झटपट कारवाई झाली नसेल. सहा मिनिटांत नाव पुसल्याचं उत्तर आलं. मग तो शिडी आणि पाना घेऊन पश्चिमेला गेला.

दुपारचे बारा वाजले होते. वारा नेहमीसारखा होता, म्हणजे बराच होता. वर्डेल वर चढला, पहिला नट काढला, दुसऱ्याला हात घातला. पाटी एका बाजूनं सुटली, वाऱ्यानं फिरली आणि त्याच्या छातीवर आपटली. शिडी एकीकडे गेली, वर्डेल दुसरीकडे. खाली आला तेव्हा उजवा पाय नको त्या दिशेला वळलेला होता.

त्यानं फोन काढला. पलीकडे केंड्रा होती. दोन आठवड्यांपूर्वी मिनेसोटाहून नोकरीवर रुजू झालेली मुलगी.

"मदत केंद्र. पत्ता सांगा."

वर्डेलनं डोळे मिटले. "डेल्फीनला विचारा."

"सर, डेल्फीन तुमच्याजवळ आहेत का?"

"नाही. तो रस्ता आहे."

"डेल्फीन रस्त्यावर आहेत?"

"रस्त्यावर मी आहे. पाय मोडलाय माझा."

"डेल्फीन कुठे आहेत मग?"

"घरी आहे."

"त्यांना पाय मोडल्याचं कळवायचंय का?"

"बाई, कुणाला काही कळवायचं नाही. रस्त्याचं नावच ते आहे. डेल्फीनला विचारा मार्ग."

कळफलकाचा आवाज आला. "असा रस्ता नकाशात नाही, सर. होता. दोन तासांपूर्वी पुसलाय. कोणा रेड विलो साहेबांच्या अर्जावरून."

"तो मीच."

"मग तुम्हाला माहीत असेल ना रस्ता कुठे आहे?"

वर्डेलनं तोंड उघडलं आणि जिभेवर काय आलं ते कळून त्याला स्वतःचीच भीती वाटली. पूर्वी दुकान होतं तिथून उजवीकडे. तीन वर्षं लोकांना जे बोलू नका म्हणून तो सांगत फिरला होता, तेच. पायातून कळ मस्तकात गेली आणि त्याला पुढं बोलता येईना.

केंड्रा घाबरली. तिनं समोरच्या कागदावर लिहिलेलं पुन्हा वाचलं. 'डेल्फीनला विचारा.' दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून तिनं जमातीच्या फोनवहीत बघितलं. डेल्फीन एकच होती.

"हॅलो, मी मदत केंद्रातून बोलतेय. मला तुम्हाला विचारायला सांगितलंय."

"सगळ्यांनाच सांगितलंय," डेल्फीन म्हणाली. "वर्डेलचं ना? इथून दिसतोय मला. दोन माणसं धाडलीत त्याच्याकडे, ब्लँकेट घेऊन. हलवू नका म्हटलंय. गाडी कोण चालवतंय?"

"डॅरिन म्हणून नवीन आहेत."

"नवीन असू दे. त्याला रेडिओवर घे आणि मी सांगते तसं बोल. पाण्याची पांढरी टाकी दिसेल, तिच्यावर शाळेचं नाव रंगवलंय. तिथून पाच मैल, वेग कमी करायचा नाही. मग तीन टपालपेट्या, एक वाकडी. तिथं उजवीकडे. गुरं अडवायला रस्त्यात पुरलेली लोखंडी जाळी लागेल, ती हळू. आणि मग इतक्या गाड्या दिसतील की चुकणं शक्य नाही."

अकरा मिनिटांत अँब्युलन्स आली. वर्डेलला उचलून ठेवलं तेव्हा अंगणातली सगळी रांग भोवती उभी होती. अर्धवट लटकणारी पाटी त्याच्या डोक्यावर करकरत होती.

"नट देऊन ठेव रे," विल्मर गुड एल्क म्हणाला. "आम्ही बसवतो परत."

वॉशिंग्टनची माणसं बुधवारी आली. मार्व्हेलांनी त्यांना कार्यालयं दाखवली. पण पाहुण्यांनी अकरा मिनिटांचा अहवाल आधीच वाचला होता आणि त्यांना फक्त तो रस्ता बघायचा होता. त्या भागात आजवर चाळीस मिनिटांच्या आत गाडी पोचली नव्हती. नवीन पत्तेपद्धतीचा हा पहिला विजय, असं त्यांनी लिहून घेतलं. वर्डेलला कुबड्यांवर उभं करून त्याचा फोटो काढला. तो काही बोलायला लागला की मार्व्हेला त्याच्या प्लास्टरवर हळूच बूट ठेवायच्या.

दोन आठवड्यांनी कौन्सिलपुढे ठराव आला. वर्डेलनं आपली चूक कबूल केली, तक्ता दाखवला आणि रस्त्याला योग्य नाव ठरवावं अशी विनंती केली. पहिला उठला तो विल्मर गुड एल्क. नाव राहू द्यावं, म्हणाला. लगेच ब्रोकन रोपांचा म्होरक्या उठला. लोकांना वाटलं, आता घोडा निघणार. पण तोही म्हणाला, नाव राहू द्यावं. गेल्या तीस वर्षांत ही दोन घरं एका बाजूनं बोलली नव्हती, आणि इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंनी खात्रीसाठी त्यांना पुन्हा बोलायला लावलं.

"मला कुणी विचारलंच नाही," मागून डेल्फीन म्हणाली.

सभागृह हसलं. ती हसली नाही.

"आठवड्यात दहा पौंड कॉफी संपली माझी. बिंगोला जाता आलेलं नाही. नाव राहू द्या, पण व्हरांडा बंद. विचारायचंच असेल तर मला खुर्ची द्या, टेबल द्या आणि कॉफी तुमची."

मार्व्हेलांनी तिथल्या तिथं तिला मदत केंद्रात केंड्राशेजारी नेमलं.

प्लास्टर निघेपर्यंत वर्डेलला फिरती नव्हती, म्हणून डेल्फीनला नकाशा शिकवायचं काम त्याच्याकडे आलं. त्याला वाटलं होतं, आत्या क्रमांकांना जुमानणार नाही. झालं उलटंच. तिनं आठ दिवसांत त्रेसष्ट रस्ते पाठ केले आणि त्याच्या दोन चुका काढल्या.

तिची ड्यूटी सुरू झाल्यावर पहिल्याच गुरुवारी दुपारी फोन वाजला. पलीकडून श्वास लागलेला आवाज आला.

"आत्या, मी विल्मर. ओपल पायऱ्यांवरून पडली. उठता येत नाही तिला."

डेल्फीननं टेबलावरची दोन बटणं दाबली आणि पेन उचललं. "पत्ता सांग."

"अगं, मी विल्मर."

"नाव नाही विचारलं. पत्ता."

"तुझ्या समोरचं घर. तुझ्या खिडकीतून दिसतं ते."

"मी खिडकीत नाही, ड्यूटीवर आहे. घर क्रमांक आणि रस्ता."

मागून ओपलचा आवाज आला. पायाबद्दल थोडं आणि नवऱ्याबद्दल बरंच काही ती बोलत होती. विल्मर बाहेर जाऊन फाटकावरचा आकडा वाचून आला.

"सतरा."

"सतरा काय?"

"सतरा, डेल्फीनला विचारा मार्ग."

"बरोबर. आता परत एकदा, सलग."

वर्डेलला बघवेना. कुबडी सरकवून तो तिच्या कानाशी वाकला. "आत्या, बस झालं. गाडी पाठव त्याला."

डेल्फीननं माइकवर तळहात ठेवला.

"त्यानं 'आत्या' म्हटलं तेव्हाच निघालीय ती," ती हळू आवाजात म्हणाली. "पण पुढच्या वर्षी या खुर्चीत कुणी दुसरी असेल, वर्डेल. तिला त्यानं नुसतं 'आत्या' म्हणून चालेल का?"

आणि तिनं हात काढला. "हं, विल्मर, म्हण."

विल्मर म्हणू लागला, पण त्याचं अर्धं म्हणणं सायरनमध्येच बुडून गेलं.