मधोमध बुडबुडा

पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधे होता; डावीकडे केसभर नाही, उजवीकडे केसभर नाही. नव्या वॉशिंग मशीनचे पाय फिरवून फिरवून सूनबाईंनी ते असं समतल केलं होतं, की वर ठेवलेली गोटीही जागची हलली नसती. शाळेत पंधरा वर्षं त्या कंपनं शिकवत होत्या. म्हणूनच मशीन बसवायला आलेल्या मेकॅनिकला त्यांनी दारातूनच वाटेला लावलं.

जिन्यात त्याला सासूबाई भेटल्या. वाटेत ड्रम हलू नये म्हणून मागे चार बोल्ट आवळलेले असतात, ते आधी काढा, असं सांगून त्याने त्यांच्या हाती पाना दिला. सासूबाई घरात आल्या.

“अगं, मागे ते...”

“आई, मला येतं. तुम्ही फक्त बुडबुडा बघा,” म्हणत सूनबाईंनी बटण दाबलं.

धुणं होईपर्यंत मशीन गरीब गाय होतं. पिळायची वेळ आली आणि त्याच्या अंगात आलं. थडथडत, वाटेतली बादली लोळवत ते बोळातून निघालं आणि न्हाणीघराच्या दाराला पाठ टेकून थांबलं. दार बाहेर उघडणारं. आत सासरे, गालांना साबण. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ तीन महिन्यांनी मिळालेली, अकराची. सव्वादहा वाजले होते.

“बुडबुडा आहे ना गं मधेच?” सासूबाईंनी विचारलं.

सूनबाईंनी जोर लावला. मशीनच्या रबरी पायांनी फरशी सोडली नाही. मग त्यांनी हिशेब मांडला: जे चालत आलं ते चालत परतही जाईल. पुन्हा पिळण्यावर लावलं. मशीन दाराला आणखी बिलगलं.

“सूनबाई,” आतून आवाज आला, “ते आत येतंय का?”

साडेदहा. सासूबाई एका हातात पाना, दुसऱ्या हातात साबणाच्या पाण्याचा मग घेऊन केव्हाच्या उभ्या होत्या. जड कपाट सरकवायचं असलं की त्या आधी पायांखाली साबणाचं पाणी सोडत. घर्षणाचा धडा सूनबाईंनी कालच वर्गात घेतला होता. त्यांनी मगाकडे पाहिलं, पान्याकडे पाहिलं आणि पाणसळ हळूच जमिनीवर ठेवली.

“आई,” त्या म्हणाल्या, “तुम्ही सांगा. मी ऐकते.”