किसनजींचा पुकारा

यवतमाळातल्या माझ्या पहिल्याच सकाळी माझ्या नावाचा पुकारा झाला. मी अजून अंथरुणात होतो. छपरावरची कबुतरं उडावीत अशा आवाजात बाहेर कुणीतरी म्हणालं, “नवे बाबूजी, वल्द मालूम नाई, साकिन पुणे, हाजिर हो.” हे तीनदा झालं. एका रात्रीत आपल्या हातून काय गुन्हा घडला असावा, या विचारात मी पायजम्याची नाडी आवळत बाहेर आलो. समोरच्या ओट्यावर एक उंच, काटकुळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ कपातला चहा बशीत ओतत उभे होते. “हाजिर हाये,” असं स्वतःशीच म्हणून त्यांनी बशी माझ्या हातात दिली आणि वडिलांचं नाव विचारून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मी ‘माधव वल्द गोविंद’ झालो. पुण्यात उभी हयात कुणाच्या अध्यात ना मध्यात राहिलेले माझे वडील इकडे रोज सकाळी साऱ्या गल्लीला ऐकू जाऊ लागले.

हे किसनजी. दिवाणी कोर्टाच्या दाराशी उभं राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा करणं ही त्यांची नोकरी. वय झालं तसे ते कोर्टातून निवृत्त झाले, पुकाऱ्यातून मात्र नाही. दूधवाला असो, न्हावी असो, नाव, बापाचं नाव आणि गाव लावल्याशिवाय ते कुणाला हाक मारत नसत. दूध पातळ निघालं की दूधवाल्याचं ‘म्हणणं’ घेतलं जाई. वांग्याची भाजी जमली तर ती ‘मंजूर’ होई. एकदा मी स्वतः केलेलं पिठलं त्यांना नेऊन दिलं. त्यांनी बोटानं चाखलं, “दाखल करून घेतो,” म्हणाले, आणि निकाल राखून ठेवला. तो अद्याप लागलेला नाही.

मी इकडे कसा आलो, तर राज्यांची नवी मांडणी झाली, वऱ्हाड मुंबई राज्यात आलं आणि आमच्या कचेरीनं मला वऱ्हाडात पाठवलं. आईनं मी बोटीनं निघाल्यासारखी तयारी केली. लोणच्याची बरणी बांधून दिली आणि “तिकडे मराठीच बोलतात ना रे?” असं दोनदा विचारलं. मी ठामपणे हो म्हणालो. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या चंद्रभागाकाकूंनी मला विचारलं, “काहून आले जी इकडे?” मी नम्रपणे सांगितलं, “पुण्याहून.” काहून म्हणजे का, कशासाठी, हे मला पुढच्या महिन्यात कळलं. तोवर काकूंनी माझं हे उत्तर विहिरीवर सगळ्या बायांना ऐकवलेलं होतं.

किसनजींच्या आवाजाबद्दल मी जे सांगणार आहे ते मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. तो मोठा होता असं नाही. मोठा आवाज भांडणाऱ्या कुणाचाही असतो. त्यांचा आवाज सरळ जाई. गर्दीतून, बैलबंड्यांच्या खडखडाटातून, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भोंग्याखालून तो ज्याचा त्याला जाऊन लागे. तारीख चुकवून जवळच्या लोहारा गावी शेतात लपलेला एक इसम त्यांचा पुकारा ऐकून धावत कोर्टात आला होता असं लोक सांगत. मी एका लग्नात होतो, तिथं भटजींनी मुलीच्या मामांना मुलगी घेऊन यायला सांगितलं. मामा पंगतीच्या बाजूला कुठंतरी रमले होते. किसनजींनी मंडपात उभं राहून मामांचा पुकारा केला. मामा आले ते हात जोडून आले आणि आल्या आल्या म्हणाले, “साहेब, मी त्या दिवशी गावात नव्हतो.”

आमच्या घराण्यात हाक मारायची ती पलीकडच्या खोलीतही ऐकू जाऊ नये अशी पद्धत. कचेरीत मी पाणी मागितलं तर शिपाई माझ्या तोंडाशी कान आणून “काय म्हणता?” विचारी. तेव्हा किसनजींना पुकारा करताना पाहिलं की मला एखाद्या पहाडापुढं उभं असल्यासारखं वाटे.

त्यांच्या घरात त्यांच्याखेरीज एकच जीव होता. शेरू नावाचा तांबडा, एका कानानं मोडका कुत्रा. एका शनिवारी किसनजी कोट घालून माझ्याकडे आले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मोटारीनं त्यांना फुलसावंगीला जायचं होतं. तिथं एक पार्टी, म्हणजे कोर्टाच्या भाषेत पक्षकार, आहे अशी खबर होती, ती पाहून दिवस मावळता परतायचं होतं. तेवढा दिवस शेरूला मी सांभाळावं. एवढं सांगून ते दाराशी थांबले.

“नुसतं शेरू शेरू म्हणान तं तो ढुंकून पाह्यनार नाई. त्याले कायद्यानं पुकारा लागते.”

मी हसलो आणि कायदा काय तो विचारला नाही. कुत्र्याला कसं बोलवायचं हे ज्याला विचारावं लागतं तो माणूस कसला, असं मला त्या क्षणी वाटलं.

रविवारी शेरू माझ्या दारात येऊन बसला. मी त्याच्यापुढं वरणभात ठेवला. आमचं वरण म्हणजे हिंग, हळद आणि किंचित गूळ. शेरूनं ते हुंगलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी घरी कुणी आजारी आहे का ते आठवू लागलो. मग मी वर्तमानपत्र उघडलं. अग्रलेख संपवून मान वर केली तेव्हा वरणभात तसाच होता आणि शेरू नव्हता.

आधी मी गल्ली पाहिली, मग विहीर, मग मारुतीच्या देवळामागची जागा. संध्याकाळी किसनजी मोटारीतून उतरतील, घरी येतील आणि ओट्यावर कुणी नसेल. या परमुलुखात मला रोज सकाळी नावानं बोलावणारा हा एकच माणूस होता.

शोधत शोधत मी कापसाच्या बाजाराशी आलो. बंड्यांची रांग लागलेली होती. मी हाका मारत होतो. “शेरू, ये बरं. शेरू, असं करू नये.” चहाच्या टपरीवरचा माणूस बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. शेवटी म्हणाला, “बाबूजी, कुत्र्याले बोलावून राह्यले का त्याच्यासाठी स्थळ घेऊन आले?”

सगळे हसले. तेव्हा मला किसनजींचा कायदा आठवला. मी एका रिकाम्या बंडीला पाठ लावली, डोळे मिटले आणि आयुष्यात प्रथमच रस्त्यात ओरडलो. “शेरू वल्द किसन, साकिन यवतमाळ, हाजिर हो.” आवाज ‘साकिन’वर फाटला, पण निघाला. दुसऱ्या खेपेला बरा निघाला. तिसऱ्या खेपेला माझ्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला.

डोळे उघडले. समोर सायकल दुरुस्त करणारे एक वृद्ध मुसलमान गृहस्थ हातातला पाना पुसत उभे होते. चेहरा काळजीनं भरलेला.

“साब, शेरू तो मैं हूँ,” ते म्हणाले. “मगर वालिद का नाम ग़लत लिखा है.”

शेरूभाईंची समजूत काढता काढता माझी मराठीही गेली आणि हिंदीही. कुत्र्याला बोलावत होतो, हे त्यांना सांगायची माझी छाती होईना. कोर्टाची काही भानगड नाही एवढं कसंबसं पटवलं. ते सुटकेचा श्वास टाकून गेले, आणि गर्दीतून डोक्यावर वाणसामानाची टोपली घेतलेल्या चंद्रभागाकाकू पुढं आल्या. शेरू हरवल्याचं मी त्यांना सांगितलं.

“हरपला नाई तो. तुमच्यानं बापाचं नाव चुकून राह्यलं,” त्या म्हणाल्या. “तो किसनजीचा नाई जी. सुधाकरचा हाये.”

सुधाकर कोण, हे मी विचारलं. काकूंनी टोपली खाली ठेवली. सुधाकर किसनजींचा एकुलता एक मुलगा. आई लहानपणीच गेलेली. किसनजींनी त्याच्यासाठी साहेबांकडे शब्द टाकून कोर्टातली आपलीच जागा ठेवली होती. पोरगा म्हणाला, जन्मभर दुसऱ्यांची नावं ओरडत उभं राहणं मला जमायचं नाही. दोघांत बोलाचाली झाली आणि तो निघून गेला, कुत्रा बापाकडे टाकून. तेव्हापासून त्या गावाला दिसला, या गावाला दिसला अशी खबर येते आणि किसनजी कोट घालून मोटार पकडतात.

एवढं सांगून काकू म्हणाल्या, “आता नीट पुकारा. पुण्याहून आले तं काय झालं.”

मी पुकारलं. “शेरू वल्द सुधाकर, साकिन यवतमाळ, हाजिर हो.”

चौथ्या बंडीखालून एक तांबडं डोकं बाहेर आलं. नाकाला, मिशांना, मोडक्या कानाला कापसाचे पुंजके लागलेले. शेरू घाई न करता चालत आला, माझ्यापुढं बसला आणि मान ताठ करून पुढच्या प्रश्नाची वाट पाहू लागला. टपरीवरचं हसणं थांबलं होतं. माझ्या फाटक्या आवाजातलं एक नाव या जनावरानं साऱ्या बाजाराच्या गलक्यातून निवडून घेतलं होतं.

दिवस मावळता किसनजी आले. एकटेच. कोटावर धूळ होती. शेरूनं त्यांच्या हातापायांचा वास घेतला, मग त्यांच्या मागं, रिकाम्या गल्लीत जाऊन पाहून आला. मी सकाळपासूनचं सगळं सांगून टाकलं, शेरूभाईंसकट. ते हसले, मिशांत हसले. आणि मी चुकीचं नाव लावल्याबद्दल माफी मागितली तेव्हा म्हणाले, “माह्यं नाव कायले लागीन जी त्याले? मी त्याचा आजा.”

पार्टी भेटली का, हे मी शेवटी विचारलंच. फुलसावंगीत तो होता, असं ते म्हणाले. एका शेतकऱ्याकडे कापूस वेचणीला होता. खोली पाहिली, दोरीवर वाळत घातलेला सदरा पाहिला, दुसऱ्याच कुणाचा निघाला. सुधाकर तिथून पुढं गेला होता. कुठं, ते कुणाला माहीत नव्हतं.

मग ते ओट्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. शेरू त्यांच्या पायाशी आला. किसनजींनी कोटाची बटणं लावली, घसा साफ केला आणि मोटारस्टँडाच्या दिशेला तोंड करून पुकारा केला.

“सुधाकर वल्द किसन, साकिन यवतमाळ, हाजिर हो.”

इतक्या दिवसांत मी तो आवाज रोज ऐकला होता, पण या वेळी तो कुठवर जातो ते पाहायला मी मान वळवली. गल्लीतल्या बाया बोलायच्या थांबल्या. किसनजींनी दुसऱ्यांदा पुकारलं. शेरूचा धड कान उभा होता. मी तिसऱ्या पुकाऱ्याची वाट पाहत राहिलो. किसनजी मात्र मागं वळले, खाली बसले आणि वहाणा काढू लागले.

“एक राहिला, किसनजी,” मी म्हणालो.

“तिसरा मी देत नसतो, बाबूजी,” ते वहाणांची धूळ झटकत म्हणाले. “तिसऱ्याले कोनी आलं नाई, तं साहेब गैरहाजिर लिहून टाकते.”