ताशी तीसच्या वेगाने पलायन

पळून जायचं असेल तर सोबत माझ्यासारखी बाई हवी! तीस वर्षं मी शाळेची वेळापत्रकं आखली, एक तास कधी दुसऱ्या तासावर चढला नाही. त्यामुळे माझी शेजारीण मायवोर जेव्हा म्हणाली, की तिला बेटावरच्या खानावळीत पाच महिन्यांसाठी मुख्य स्वयंपाकिणीची नोकरी मिळालीय आणि नवऱ्याला, हॉल्गेरला, ती सांगणार नाहीये, तेव्हा मी म्हटलं, "तू फक्त बॅग भर. बाकी माझ्यावर सोड!"

शुक्रवारी साडेबाराला निघायचं. धक्का पन्नास किलोमीटरवर, बोट अडीचला. पुढची बोट सोमवारी, आणि खानावळीच्या मालकिणीने बजावलेलं, शुक्रवारी हजर नाही तर जागा दुसरीला. हॉल्गेर बरोबर एकला शेतावरून कॉफीला येतो, म्हणून 'बेटावर नोकरीला चाललेय' अशी चिठ्ठी कॉफीच्या डब्याखाली. तो ती वाचेपर्यंत आम्ही समुद्राचा वास घेत असू!

बारा वीसला मायवोर बॅग घेऊन माझ्या गाडीत बसली आणि समोरच्या कप्प्यातून तिने एक न उघडलेलं सरकारी पाकीट काढलं.

"गुन्नेल, हे काय गं?"

गाडीची वार्षिक तपासणी राहून गेली होती. एक मेपासून ती रस्त्यावर आणायला बंदी!

"कोण बघतंय?" मी पुटपुटले.

मी चर्चमधली दानपेटी फोडू या म्हटलं असावं, तशी ती माझ्याकडे बघू लागली. "नवरा सोडून जाणं वेगळं! तपासणीशिवाय गाडी? मी असली बाई नाही!"

मलाही लाज वाटली. खरं तर मीही असली बाई नाही.

मायवोर-हॉल्गेरची गाडी दुरुस्तीला, बस सकाळीच गेलेली. अंगणात उरली होती माझ्या नातीची, टिल्डाची, कासवगाडी. आमच्या देशात पंधराव्या वर्षी मुलांना जुन्या गाड्या चालवायला मिळतात, पण इंजिन असं जखडलेलं असतं की ताशी तीसच्या वर काटा हलत नाही. मागे हळू गाडीची खूण म्हणून लाल त्रिकोण. टिल्डाने आतून गुलाबी मखमल लावलेली. एकसष्ट वर्षांच्या दोन बाया त्यात म्हणजे दागिन्यांच्या डबीत ठेवलेले दोन बटाटे!

"तीसने गेलो तरी दोन दहाला पोचतो," मी हिशेब केला. हिशेब बरोबर होता. फक्त मागच्या गाड्या मी धरल्या नव्हत्या.

पहिल्याच चढावर मागे सात गाड्या साचल्या. मी कडेला घेतलं, सगळ्यांना जाऊ दिलं, हात हलवला. पुढच्या वळणावर बारा.

"आता थांबू नकोस!" मायवोर ओरडली. "माझी नोकरी चाललीय आणि तू लोकांना वाट देत बसलीस!"

"मग खोळंबू देत त्यांना? चालेल तुला?"

तिने मागे वळून पाहिलं. "...नाही गं. घे बाजूला."

एक वाजला. "आला असेल तो," ती म्हणाली. एक वाजून दोन मिनिटं. "डबा उचलला असेल." एक वाजून चार मिनिटं. "गुन्नेल, मला उलटी होईल!"

"मखमलीवर नको!"

दोन वाजता मागून हिरवा ट्रॅक्टर आला. मी सवयीने दिवा दाखवला, कडेला झाले. चालकाने टोपी उचलून आभार मानले आणि ताशी चाळीसने पुढे निघून गेला. मायवोर सीटवरून घसरत पार खाली गेली.

"गुन्नेल," ती खालून म्हणाली, "ती टोपी मी विणलीय."

म्हणजे धक्क्यावर तो आमच्या आधी! मी पाय असा दाबला की तळ फाटेल वाटलं. काटा तीसवर. आम्ही दोघी पुढे वाकून बसलो. काटा तीसवरच.

दोन एक्केचाळीसला पोचलो तर बोट अजून उभी! पण हॉल्गेरच्या ट्रॅक्टरची पुढची चाकं बोटीच्या फळीवर, मागची धक्क्यावर. बोटीचा कप्तान बिटासारखा लाल.

"वाट अडवली मेल्याने!" मी म्हटलं.

मायवोर बॅग घेऊन उतरली. "चिठ्ठी वाचलीस?"

"वाचली."

"मी चाललेय, हॉल्गेर. ट्रॅक्टर काढ."

"काढला की बोट सुटेल. आधी तू चढ! अकरा मिनिटं हुज्जत घालतोय यांच्याशी. रस्त्यात तुम्हाला मागे टाकलं तेव्हाच कळलं, तुम्ही काही वेळेत पोचत नाही."

मायवोरने बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"विचारलं असतंस," तो टोपी पिळत म्हणाला, "तर सकाळीच कुणाची तरी गाडी मागून सोडलं असतं."

"विचारायचंच नव्हतं मला. चौतीस वर्षं विचारतेय."

त्याने टोपी परत डोक्यावर चढवली. "सप्टेंबरात येशील?"

"सप्टेंबरात ठरवीन."

ती चढली. हॉल्गेरने ट्रॅक्टर मागे घेतला, फळी वर गेली. मायवोर कठड्याशी उभी राहिली, आमच्याकडे नाही, समोर पाण्याकडे तोंड करून. बोट वळेस्तोवर आम्ही तिची पाठ बघत राहिलो.

मग हॉल्गेरने कासवगाडीकडे पाहिलं. लाल त्रिकोणाकडे पाहिलं. गुलाबी मखमलीकडे पाहिलं.

"हा बेत कुणाचा?"

"मायवोरचाच," मी म्हटलं. "मी आपली नुसती चालवत होते."