आत्यांचा वर्षाचा पास

आमच्या आत्यांनी आजवर एकही वस्तू एकटीनं विकत घेतलेली नाही. साधं सोलाणं घ्यायचं झालं तरी आधी सोसायटीत चौकशी बसते. कोणाकडे कोणतं आहे, हात कापतो का, दुधी नीट सोलला जातो का, विकणारा माणूस बोलायला कसा आहे, हे सगळं विचारून झालं की आत्या शेवटी म्हणतात, "आता मला पटवून दे." आपण पटवायला लागलो की त्या उलट बाजू घेतात. आपण दमून "राहू द्या मग" म्हटलं की लगेच, "असं कसं? चांगलं आहे की ते."

गादी घ्यायची होती तेव्हा त्या मला घेऊन गेल्या होत्या. दुकानातल्या प्रत्येक गादीवर त्या चपला काढून, पदर सावरून आधी उताण्या आणि मग कुशीवर झोपल्या. मग मला म्हणाल्या, "आता तू झोप. तुझं वजन वेगळं आहे." कर्वेनगरच्या भर रस्त्यावर, मोठी काच असलेल्या दुकानात, ऐन दुपारी मी बूट काढून गादीवर आडवा झालो. तेवढ्यात माझ्या ऑफिसातला एक जण बाहेरून चालला होता. त्यानं मला बघून हात केला. गादी त्या दिवशी आत्यांनी घेतली नाहीच. पुढे दिवाळीनंतर तीच घेतली, आणि त्या वेळी झोपून बघायला माझ्या बायकोला नेलं.

आत्या तशा कोणाच्याच आत्या नाहीत, म्हणजे आमच्यापैकी कोणाच्या नाहीत. टेलिफोन खात्यात नोकरी केली, लग्न केलं नाही, दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. कराडहून त्यांचा भाचा केदार इंजिनिअरिंग करायला आला आणि त्यांच्याकडे राहिला. तो जिन्यातूनच "आत्या, दार उघड" अशी आरोळी द्यायचा. ती ऐकून ऐकून सगळी सोसायटी त्यांना आत्या म्हणायला लागली. केदार नंतर नोकरीसाठी मेलबर्नला गेला, तिथंच त्यानं घर केलं. आत्या हे नाव मात्र आमच्याकडे राहिलं.

त्यांची दुसरी सवय म्हणजे लोकांच्या वस्तू सांभाळणं. अर्ध्या सोसायटीच्या किल्ल्या त्यांच्या दारामागच्या खिळ्यांवर असतात. पार्सल घेऊन येणाऱ्या पोरांना काही सांगावं लागत नाही, कुलूप दिसलं की ती सरळ दुसऱ्या मजल्यावर आत्यांकडे जातात. तिसऱ्या मजल्यावरचं नवं जोडपं केरळला गेलं तेव्हा माशांची काचेची टाकी आत्यांकडे ठेवून गेलं होतं. आत्यांनी त्यांना रोज संध्याकाळी फोन करून हालहवाल दिली. "मासे बरे आहेत. तो शेपटीवाला जरा गप्प आहे, पण जेवतो." ठेवायला आलेल्या माणसाला त्या दोनच प्रश्न विचारतात, कुठे चाललात आणि कधी येणार. उत्तर मिळालं की म्हणतात, "जा तुम्ही. मी आहे इथं."

तर अशा आत्या जानेवारीत सोसायटीच्या सहलीबरोबर त्या पार्कमध्ये गेल्या. हायवेवरचं, वारज्याच्या पुलावरून सुटणारी बस तासाभरात जिथं पोचवते ते मोठं पार्क. उंचच उंच पाळणे, उलटी फिरणारी चाकं, माणसांना वर नेऊन खाली सोडून देणारा एक मनोरा. आत्या कशातही बसल्या नाहीत. "उलटंपालटं व्हायला पैसे कशाला मोजायचे? स्वारगेटपर्यंत रिक्षानं गेलं तरी होतं," असं म्हणून त्या मनोऱ्यासमोरच्या बाकावर बसल्या आणि आम्ही आमच्या पिशव्या, चपला, मोबाईल त्यांच्यापुढे ओतून पाळण्यांकडे पळालो. दिवसभर त्या तिथून हलल्या नाहीत. आम्हाला वाटलं, बिचाऱ्या कंटाळल्या असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माझा पहिला चहा संपायच्या आत, त्या दारात हजर. हातात पार्कचं रंगीत पत्रक.

"श्रीकांत, हा वर्षाचा पास आहे. घ्यावा का? मला पटवून दे."

मी हसलो. माझी बायको स्वयंपाकघरात हसली. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी आदल्या दिवशीच तिकिटाच्या खिडकीवर चौकशी केली होती. आजारपणात पास पुढे सरकतो का, चेहऱ्याचा फोटो लागतो तर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चष्मा बदलला तर चालेल का, आणि माणूस वर्षाच्या मध्येच गेला तर उरलेले महिने कोणाला मिळतात. या शेवटच्या प्रश्नावर खिडकीतल्या मुलीनं मॅनेजरला बोलावलं होतं. मॅनेजर म्हणाला, मॅडम, असं आजवर कोणी विचारलेलं नाही. आत्या म्हणाल्या, विचारतील कसे, त्या वेळी ते नसतातच.

मी समजुतीनं घेतलं. म्हटलं, आत्या, वर्षात चार-पाच वेळा गेलात तर पास परवडतो हे खरं. पण तिकिटाचे पैसे पाळण्यांचे असतात, आणि तुम्ही तर पाळण्याला हातही लावत नाही. नुसतं बाकावर बसायचं असेल तर आपल्या गल्लीच्या टोकाला बाग आहे, फुकट आहे.

"बागेत काय आहे?" आत्या म्हणाल्या.

"मग पार्कमध्ये तरी काय आहे?"

यावर त्या उलट बाजू घेतील म्हणून मी कप खाली ठेवून तयार होऊन बसलो. पण त्यांनी पत्रकाची घडी घातली, "बघू" म्हणाल्या आणि गेल्या. पुढे त्यांनी तो विषय सोसायटीत कोणाकडेही काढला नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. ज्या बाईनं सोलाण्यासाठी अख्खी इमारत ढवळून काढली, ती एवढ्या मोठ्या खरेदीबद्दल गप्प बसते म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, तूच बिनसवलंस.

मग दूधवाल्याकडून कळलं की शनिवारी सकाळी आत्या वारज्याच्या पुलावर थर्मास घेऊन उभ्या होत्या. त्याच्या पुढच्या शनिवारीही होत्या. पास घेतला नव्हता, दर वेळी दिवसाचं तिकीट काढून जात होत्या.

मार्चमध्ये माझ्या मुलीचा, ईराचा वाढदिवस आला. तिला मैत्रिणींबरोबर पार्कमध्येच जायचं होतं. त्यांना सोडायला-आणायला आणि वर पैसे द्यायला म्हणून मी बरोबर गेलो. मुली आत शिरताच गायब झाल्या आणि मी सावली शोधत मनोऱ्यापाशी आलो. समोरच्या बाकावर आत्या बसल्या होत्या.

जांभळी साडी, बाजूला थर्मास, मांडीवर चार-पाच चष्मे. डावीकडे पर्स आणि पाठीवरच्या पिशव्या ओळीनं लावलेल्या. बाकाखाली चपला-बूट जोडीजोडीनं, आणि एका टोकाला लहान बाळाची पाण्याची बाटली. मला बघून त्या दचकल्या नाहीत. नुसतं "ये, बस. त्या निळ्या पिशवीला धक्का नको लावूस, आत डबा आहे" म्हणाल्या.

मी बसलो आणि बघत राहिलो. मनोऱ्याच्या दाराशी उभा असलेला माणूस सगळ्यांना सांगत होता, चष्मा, मोबाईल, चपला काढून ठेवा. लोक मागे वळत, इकडे-तिकडे बघत, आणि त्यांना आत्या दिसत. कॉलेजची पोरं आली, "मावशी, प्लीज जरा बघता का?" एक नागपूरकडचं कुटुंब आलं, त्यातली बाई म्हणाली, "मावशी, जरा पाहता का जी? आलोच आम्ही." आत्या प्रत्येकाला विचारत होत्या, कोणत्या पाळण्यात, किती वेळ लागेल. मग म्हणत होत्या, "जा तुम्ही. मी आहे इथं."

आणि लोक परत येत होते. केस विसकटलेले, चेहरे उतरलेले किंवा फुललेले, येऊन आधी आत्यांनाच सांगत होते की वर कसं पोटात गोळा आला. एका पोराला यायला उशीर झाला तर आत्यांनी त्याला चांगलं झापलं. "आइस्क्रीम खायला गेला होतास ना? ओठाला लागलंय. सांगून जायचं. इथं माणूस वाट बघत असतं." तो पोरगा कान पकडून सॉरी म्हणाला, आणि थोड्या वेळानं आत्यांसाठी एक कुल्फी घेऊन आला.

गर्दी जरा ओसरल्यावर आत्यांनी थर्मासच्या झाकणात मला चहा दिला. मी काही विचारलं नव्हतं. त्याच बोलायला लागल्या.

"केदारचा फोन आला होता, सहलीच्या आधी. त्याची पेटी आहे ना माझ्याकडे, सायकल आहे, पलंगाखाली गिटार आहे. म्हणाला, आत्या, ते सगळं कोणाला तरी देऊन टाक, उगाच जागा अडते तुझी. चांगलंच बोलला हो, वाईट नाही बोलला." त्यांनी मांडीवरचा एक चष्मा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. "मी म्हटलं, गिटारपण देऊ? तर म्हणाला, कुठलं गिटार?"

मला त्या गिटारची आठवण होती. त्यावर केदारला एकच गाणं यायचं आणि तेही अर्धं. आत्या दर वर्षी दसऱ्याला ते पलंगाखालून काढून पुसायच्या, झेंडूचं फूल वाहायच्या आणि परत आत सरकवायच्या, हे मी स्वतः बघितलं होतं. तो येईल तेव्हा तारा गंजलेल्या नकोत, असं म्हणायच्या.  फार वाईट वाटलं.

"इथं बरं असतं," आत्या म्हणाल्या. "इथं माणूस चष्मा ठेवून जातं आणि अर्ध्या तासात परत येतं. यावंच लागतं त्याला." मग माझ्याकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आता सांग, पास घेऊ का नको? नको म्हणायचं असेल तर पटवून दे."

मी मनोऱ्याकडे बघितलं. सांगायला हरकत नाही, मला उंचीची भीती वाटते. आमच्या गच्चीच्या कठड्याशीसुद्धा मी उभा राहत नाही. तरी मी उठलो. खिशातला मोबाईल काढला, पाकीट काढलं, चपला काढून बाकाखाली ओळीत लावल्या. शेवटी चष्मा काढून आत्यांच्या हातात दिला.

"आत्या, जरा बघता का?"

"कोणत्या पाळण्यात?"

मी मनोऱ्याकडे बोट दाखवलं.

"झेपेल का तुला?"

"नाही."

आत्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "किती वेळ?"

"येतो लगेच."

"जा," त्या म्हणाल्या. "मी आहे इथं."

वर जाताना मी डोळे मिटून घेतले होते. अगदी टोकाला ते यंत्र थांबलं तेव्हा उघडले. चष्म्याशिवाय मला चार हातांपलीकडचं काही दिसत नाही. खाली नुसते रंग पसरले होते. त्यात एक जांभळा ठिपका होता, त्याच आत्या असं मी धरून चाललो. दांड्यावरचा एक हात सोडवायला मला फार कष्ट पडले, पण सोडवला आणि त्या ठिपक्याला हात केला. त्यानंतर खाली येताना मी जो ओरडलो, तो आवाज ईरानं तीन पाळण्यांपलीकडून ओळखला.

बाकापाशी आलो तेव्हा आत्यांनी माझा चष्मा पदरानं पुसून तयार ठेवला होता. माझ्या हातात देत म्हणाल्या, "हात कोणाला करत होतास? चष्मा तर इथं होता. दिसत तरी होतं का काही?"

"नव्हतं दिसत."

"मी पण केला," आत्या म्हणाल्या. "म्हटलं, दिसो न दिसो."

मी चपला घातल्या. तोवर बाकीचे आपापल्या वस्तू घेऊन गेले होते. आत्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं, पर्समधून पार्कचं ते रंगीत पत्रक काढलं आणि म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर खिडकीवर. पास घेऊन टाकू."

"एवढ्यात ठरलं? मी अजून काहीच पटवलेलं नाही."

"तू वर होतास तेव्हा ठरलं. मी एकटी जाऊन काय घेणार? चल."

आम्ही उठलो, दोन पावलं गेलो आणि आत्या थांबल्या. बाकाखाली हिरव्या चपलांचा एक जोड राहिला होता. पासांची खिडकी पाचला बंद होते असं पत्रकावर लिहिलेलं होतं आणि पाच वाजतच आले होते. मी म्हटलं, आत्या, चपला काही पळून जात नाहीत, आपण जाऊन येऊ.

"खिडकी उद्याही उघडेल," आत्या म्हणाल्या आणि परत बाकावर बसल्या. "ती पोरगी आली आणि मी नसले, तर तिला काय वाटेल?"

मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी उरलेला चहा झाकणात ओतून मला दिला आणि आम्ही दोघं मनोऱ्याच्या दाराकडे बघत त्या मुलीची वाट बघत राहिलो.