दोन पायांची कल्पना मूळ आमची

तो विनोद मी लिहिला. मी, स्वतः, शिलाई मशीनसमोर बसून, एका बोटाने. हे नवऱ्याला सांगितलं, तर तो हसला. लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, जरा पड बघू तू." नणंदेला फोनवर सांगितलं, तर "हो का गं, छान" म्हणाली, आणि मग माझ्या डोक्याबद्दल तिच्या नवऱ्याला जे काय बोलली ते मी सगळं ऐकलं, कारण बाईने फोन नीट बंद केला नव्हता. लोकांनी तो विनोद वाचला, पोट धरधरून हसले, एकमेकांना पाठवला. लिहिणारीवर मात्र एकाचाही विश्वास बसला नाही. का? तर मी चौथी पास. (पास. नापास नव्हे. वर्गात दुसरी. पहिली आली ती माझ्या शेजारी बसायची आणि तिची मान कायम माझ्या पाटीकडे वळलेली असायची. असो.)

आता पहिल्यापासून ऐका.

घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाईचं दुकान आहे. पँटी आखूड करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, पडदे शिवणं. नवरा एका सॉफ्टवेअर कंपनीत कारकून आहे. दुकानदारांना बिलं करता यावीत असं सॉफ्टवेअर ती कंपनी बनवते. नवरा ते बनवत नाही, बनवणाऱ्यांच्या रजांचा हिशेब मांडतो. पण घरी "आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही काय केलंय" अशी सुरुवात केली की ऐकणाऱ्याला वाटावं, याच्याशिवाय तिथला दिवा लागत नाही. लेक कॉलेजात जाते. आणि चौथा आमचा बोका. दिवसभर कापडांच्या ढिगावर बसून माझ्या कामावर नजर ठेवतो, स्वतः काडी इकडची तिकडे करत नाही, म्हणून त्याला आम्ही मुकादम म्हणतो. गरम जागा दिसली की मुकादम तिथे बसलाच. इस्त्री थंड होत असली तर इस्त्रीजवळ, फोन चार्ज होत असला तर फोनवर.

झालं असं की नवऱ्याने नवा फोन घेतला आणि जुना मला दिला. (आमच्या घरात वस्तू माझ्यापर्यंत याच वाटेने येतात.) वर म्हणाला, "यात आमचं सॉफ्टवेअर टाकून दिलंय. आता बिलं यावरच करायची."

मी ते उघडलं. बिल राहिलं बाजूला, आधी एक करारच समोर आला. खाली खाली सरकवावं तर संपेना. तळाला एक बटण: मान्य.

"दाब ना," नवरा म्हणाला.

"न वाचता?"

"अगं, ते कोणी वाचत नाही."

"अहो, गिऱ्हाइकाचं कापड मी उलटून पाहिल्याशिवाय हातात धरत नाही. आतून विरलेलं निघालं तर उद्या माझ्याच नावाने बोंब."

"हे कापड नाहीये!"

"मग तर उलटून बघायलाच हवं."

आणि मी वाचला. चष्मा लावून, कामातून डोकं वर निघेल तेव्हा थोडा थोडा करून, सगळा वाचला. शपथेवर सांगते, इतका निर्लज्ज मजकूर मी जन्मात वाचला नव्हता. म्हणे, हे सॉफ्टवेअर तुम्हाला दिलेलं नाही, फक्त वापरायची परवानगी दिली आहे. ती आम्ही कधीही काढून घेऊ. दुसऱ्याला वापरायला द्यायचं नाही. आत काय आहे ते उघडून बघायचं नाही. आम्ही त्यात वाटेल ते बदलू. तुमचं नुकसान झालं तर आम्ही जबाबदार नाही. असं बोलून मी एक दिवस दुकान चालवून दाखवावं! गिऱ्हाईक मला माझ्याच टेपने बांधून घालेल.

त्याच सुमारास नवरा सकाळच्या चहाला मोठा गंभीर चेहरा करून बसायला लागला. त्यांच्या कंपनीचं आणि दुसऱ्या एका कंपनीचं कोर्टात जुंपलं होतं. भांडण कशावरून? तर पडद्यावर डाव्या बाजूला एक निळी पट्टी असते, ती कोणी कोणाची चोरली. दोन्हीकडे वकिलांची फौज.

"डाव्या बाजूची पट्टी?" मी म्हटलं. "मग मी डाव्या बाजूला खिसा लावते, तर समोरच्या शिंप्यावर दावा लावू का?"

"तुला नाही कळायचं ते," तो म्हणाला आणि बशी खाली ठेवून निघून गेला.

हे वाक्य मला कोणी बोललं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. समोर एक पँट पडली होती, तिची शिवण उसवता उसवता डोक्यात एक एक ओळ जमत गेली. फोनवर त्या खटल्याची बातमी होती आणि खाली लोक आपापली मतं लिहीत होते. मीही लिहिलं:

"सूचना. आमच्याकडे शिवलेली पँट तुमच्या मालकीची नाही. तुम्हाला ती घालायची फक्त परवानगी आहे. पँट एकाच माणसाने घालावी, धाकट्या भावाला दिल्यास परवानगी रद्द. आतली शिवण उलटून पाहणं गुन्हा आहे. खिशाची जागा आम्ही न कळवता कधीही बदलू. भर रस्त्यात पँट उसवल्यास दुकान जबाबदार नाही. एक पाय आत घातला म्हणजे सगळ्या अटी मान्य आहेत असं धरलं जाईल. तसंच, समोरच्या शिंप्याने आपल्या पँटला दोन पाय ठेवल्याबद्दल आम्ही त्याच्यावर दावा लावला आहे. दोन पायांची कल्पना मूळ आमची."

लिहिलं, पाठवलं, आणि पँट शिवायला घेतली. मला काय माहीत, जुन्या फोनबरोबर नवऱ्याचं खातंही माझ्याकडे आलंय! विनोदाच्या शेजारी त्याचा फोटो, टाय लावलेला. फोटोखाली त्याच्या कंपनीचं नाव. स्वतःच हौसेने घालून ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी नवरा ऑफिसात पोचला तर सगळा मजला उभा राहून टाळ्या वाजवतोय! आधी त्याची पाचावर धारण बसली. मग कोणीतरी पाठ थोपटली. चहावाल्याने पहिला कप त्याच्या टेबलावर ठेवला, जो आजवर गार होऊन शेवटी यायचा. आणि संध्याकाळी घरी आला तो लेखक होऊनच.

"अहो, ते मी लिहिलंय," मी म्हटलं.

"असेल, असेल. तू घरी शिवणकाम करतेस, त्यावरूनच मला सुचलं असणार."

"तुम्हाला सुचलं?"

"म्हणजे, झोपेत वगैरे लिहिलं असेन. सगळे म्हणतायत तर काही तरी असेलच ना त्यात!"

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही इतके भारी आहात हे माहीतच नव्हतं." मला राग तिच्या बोलण्याचा नाही आला. तो लाजला, त्याचा आला! माणूस दुसऱ्याचं घेऊन मिरवतो हे मी पाहिलंय, पण लाजतोसुद्धा?

ही लाज फार टिकली नाही. समोरच्या कंपनीच्या वकिलाने जाहीर केलं, की हा विनोद आम्ही कोर्टात वाचून दाखवणार. त्यांचाच माणूस त्यांच्या कराराची अशी टर उडवतोय, बघा म्हणे. झालं. नवऱ्याला साहेबांनी आत बोलावलं आणि सांगितलं, लिहिलं असेल तर उद्यापासून येऊ नका.

तेव्हा याला आठवलं, की घरात एक बायको आहे!

"साहेब, खरं सांगतो, ते माझ्या बायकोने लिहिलंय."

"शोभतं का हो बायकोवर ढकलणं? शिक्षण किती तिचं?"

"चौथी."

"बाहेर जा."

घरी आला तो पार गळून. जेवला नाही. मुकादमाला मांडीवर घेऊन बसून राहिला. राग होताच माझ्या मनात, पण ज्या खुर्चीवर माणूस इतकी वर्षं इमानाने बसला ती खुर्ची माझ्या एका बोटाने हलली होती. मी म्हटलं, "उद्या मी येते. बघू कोण मला बाहेर जा म्हणतं."

गेले. काचेचं दार, गळ्यातलं कार्ड दाखवल्याशिवाय ते उघडत नाही. आत साहेब, आणि शेजारी त्यांच्या वकीलबाई, काळ्या कोटातल्या. खिडकीला भारी पडदे, पण तुरपाई अशी, की माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीने केली असती तर मी उसवायला लावली असती.

"विनोद तुम्ही लिहिलात?" साहेब.

"मीच."

"पुरावा?"

"कागद द्या. दुसरा लिहून देते."

वकीलबाईंनी कागद सरकवला. मी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि लिहिलं. बाईंनी मोठ्याने वाचलं: "हा नवरा जसा आहे तसा दिला आहे. त्यात पुढे सुधारणा होईल असं कोणतंही आश्वासन दिलेलं नाही. रविवारी तो आपोआप बंद पडतो, ही बिघाडाची खूण नव्हे. परत घेतला जाणार नाही. बनवणारी बाई आता जबाबदारी झटकते, सासूबाईंना विचारू नये."

वकीलबाईंचा कोट हसून हसून हलायला लागला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. नवऱ्याने मान खाली घातली, पण त्याच्याही मिशा हलत होत्या.

"हिनेच लिहिलंय," बाई डोळे पुसत म्हणाल्या. माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू! शाळेत बक्षीस मिळालं असतं तरी एवढी झाली नसती.

"पण आमच्या अटी तुम्हाला कशा कळल्या?" साहेबांनी विचारलं.

"करारात आहेत ना."

"करार तुम्ही... वाचलात?"

"सगळा. चष्मा लावून."

वकीलबाईंचं हसणं मध्येच तुटलं. दोघं एकमेकांकडे असे बघायला लागले, जणू मी तिजोरी फोडल्याचं कबूल केलंय.

मग कळलं ते असं. समोरच्या कंपनीचं कोर्टात आणखीही एक म्हणणं होतं: यांच्या अटी जाचक, म्हणून गिऱ्हाईक अडकून पडतं, आमच्याकडे येत नाही. त्यावर आमच्या या शहाण्यांनी लेखी उत्तर दिलं होतं: अटी कशाही असोत, आजवर एकाही गिऱ्हाइकाने त्या वाचलेल्या नाहीत, मग अडकेल कोण? आणि इथे समोर मी, जिवंत, चष्म्यासकट.

"बाई," साहेब एकदम गोड झाले, "एक करू या. तुम्हाला वाचता येत नाही एवढं लिहून द्या. यांची नोकरी राहील, सगळं मिटेल."

मी उठून उभी राहिले. "मला वाचता येत नाही, हे मी लिहून देऊ? स्वतःच्या हाताने?"

साहेबांना त्यातली गंमत कळली नाही.

"चौथी पास आहे मी. वर्गात दुसरी. नोकरी गेली तर आणखी पँटी शिवीन, पण माझं वाचणं मी कोणाला देणार नाही. परवानगीवर घेतलेलं नाही ते, माझ्या मालकीचं आहे!"

आणि काय सांगू, नवरा उभा राहिला. "साहेब, ती वाचते. घरात आलेला सगळा कागद तीच वाचते. मी नुसती सही करतो. माझी बायको अडाणी आहे असं मी कुठेही म्हणणार नाही. काढायचं तर मला काढा."

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या डोळ्यांना पाणी आणायचं त्याला जमलं नव्हतं. तेवढ्यात जमलं. मी पदराने डोळे टिपतेय तोवर तो पुढे म्हणाला, "पण त्याआधी, साहेब, आमच्या बोक्याबद्दल सांगू का?"

"बोका?"

"फोन चार्ज होत असला की त्यावरच बसतो. हा बघा फोटो. झोपेत पाय मारतो. मागे एकदा माझ्या मेव्हण्याला फोन लावला होता त्याने."

साहेब फोटोकडे बघत राहिले. मग वकीलबाईंना हळूच म्हणाले, "बोक्याने करार वाचलेला नसणार."

"नाही साहेब," नवरा म्हणाला, "त्याने लगेच मान्य दाबलं असतं."

"पण चार पायांचा प्राणी दोन पायांच्या पँटीबद्दल लिहील?"

"त्यालाच तर ती विचित्र वाटणार," वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन उघडलं.

मी म्हणते, मला आठवडाभर कोणी खरं मानलं नाही, आणि बोक्यावर विश्वास बसायला यांना फोटो बघण्यापुरता वेळ लागला!

नवऱ्याची खुर्ची राहिली. चहा पुन्हा शेवटी आणि गार येतो. ऑफिसातले आता बोक्याची तब्येत विचारतात. गल्लीतली माणसं पँट आखूड करायच्या निमित्ताने येतात आणि त्याच्याबरोबर फोटो काढून जातात. नणंदेने फोन करून सांगितलं, "तरी मी म्हणतच होते, तुला कुठलं गं हे सुचायला!" या वेळी फोन नीट बंद केला.

आणि त्या बातमीखाली, माझ्या विनोदाच्या बरोबर खाली, जिथे माझं नाव ठळक अक्षरात यायला हवं होतं, तिथे कंपनीने आपली दिलगिरी छापली आहे. वर सगळी हकिगत, आणि शेवटी, सदर कृत्यास सर्वस्वी जबाबदार: मुकादम.