निळ्या डब्यातली कॉफी

आमच्या वामनकाकांकडे कॉफी प्यायची तर आधी मनगट पुढं करावं लागतं. भिंतीवरच्या घड्याळाला डोळे लावून ते पुरतं एक मिनिट नाडी मोजतात, मग निकाल देतात. "तुले पूर्ण कप." "तुले अर्धा." "अन् तू हात मांगं घे, चार वाजून गेले. आता घेतली तं रातभर छत पाहत राहशीन!"

काका डॉक्टर नाहीत. विदर्भातल्या नालवाडीत त्यांचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या ओसरीवर माझं शिलाई मशीन. मी राज्याच्या पार दुसऱ्या टोकाचा, चंदगडकडचा, सातवीतून शाळा सुटलेला. इतक्या लांब असा माणूस मिळाला, हे मी गावाकडं प्रत्येक फोनवर सांगतो.

कॉफी चिखलदऱ्याची. बिया काका स्वतः लोखंडी कढईत भाजतात. "आपल्या विदर्भात पिकते बाप्पा! अन् तुमी पुडीतली पिऊन राह्यले!" कॅफिनवरचं त्यांचं प्रवचनही पाठ झालंय. "एका कपानं डोकं उघडते. दुसऱ्यानं तोंड उघडते. तिसऱ्यानं हात थरथरते."

त्यांचं दुसरं खूळ खजुराचं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एक खजूर, पण बी वाटीतच टाकायची. एकानं ती रस्त्यावर फेकली, तर काका कुलूप दाखवायचं सोडून उठले आणि बी वेचून आणली. स्वतःला गोडाचा तिटकारा, तरी रोज दहा खजूर तोंड वाकडं करून औषधासारखे संपवतात. आम्हाला वाटायचं, वयच झालं.

पहिल्याच दिवशी माझी नाडी धरून काकांच्या भुवया वर गेल्या. "गड्या, हे नाडी हाय का तुही मशीन?" माझा जीवच घाबरट. ब्लाऊज बिघडेल, घरून फोन येईल, घरून फोन येणार नाही, सगळ्याचीच धास्ती. त्या दिवशी मला कॉफी मिळाली नाही. पण आठवड्यानं काकांनी हाक मारली, "ये, तुह्यासाठी निळा डबा काढला. पूर्ण कप!"

चार वर्षं झाली. भल्याभल्यांना अर्धा कप आणि मला पूर्ण. दुकानातल्या बाकावर सगळ्यांत मी छाती काढून बसायचो.

गेल्या महिन्यात काका दुकान माझ्यावर सोपवून गिरडच्या टेकडीवर दर्शनाला गेले. निळा डबा रिकामा होता, म्हणून मी बाकीच्यांच्या लाल डब्यातली दोन चमचे टाकून घट्ट केली. आपल्याला काय, पूर्ण कपाची सवय! अर्ध्या तासात छातीत धाडधाड सुरू झालं. सुईत दोरा ओवेना. संपलं, असं वाटून काकांना फोन लावला.

"कोणत्या डब्यातली घेतली?"

"लाल."

 "पाणी पी. बसून राह्य. मी येऊन राह्यलो."

टेकडी न चढताच काकांनी परतीची गाडी पकडली. आले ते चप्पल न काढता माझं मनगट धरून बसले.

"मरत नाई तू. ते खरी कॉफी होती."

"मग निळ्या डब्यातली?"

काकांनी घड्याळावरची नजर हलवली नाही. "खजुराच्या बिया. भाजून, कुटून. कॅफिन नाई त्यात."

चार वर्षं! मला रडू का हसू कळेना. "काका, सरळ सांगायचं ना, तुला झेपत नाही म्हणून."

"पह्यल्या दिवशी सांगतलं नाई का? तं तू बाकावरून उठला, अन् मशीनकडं तोंड करून बसला. आठ दिवस बाकावर आला नाई. सगळ्यायच्या हातात कप, अन् तू एकटा तिकडं. मले नाई पाह्यवलं."

मी काही बोलणार, तर ते खेकसले, "चूप! मोजू दे."

एका हातानं माझी नाडी धरून काकांनी दुसऱ्या हातानं बरणीतला खजूर काढला आणि तोंड वाकडं करून चावू लागले.