साहेबांची दोन बोटं

शेंद्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीनने बिभीषणची दोन बोटं नेली, त्याला महिना झाला होता. मग पुण्याच्या मुख्य कार्यालयाने सगळ्यांचं मत मागवलं. कारखान्याचे मॅनेजर दांडगे साहेब यांच्यापासून झाडूवाल्या कडूबाईपर्यंत बासष्ट जणांनी मोबाइलवर फॉर्म भरला. नाव गुप्त राहील, असं अंबिकाने प्रत्येकाला स्वतः सांगितलं होतं. करमाडच्या मेंढपाळाच्या घरातली ही पोरगी ऑफिसात आकडेवारी बघायची, आणि ती खोटं बोलत नाही म्हणून लोकांनी मोकळेपणी लिहिलं.

तिने ‘आर’ या संगणकाच्या भाषेत तक्ता केला. एका माणसाचा एक ठिपका, राग जितका जास्त तितका ठिपका लाल. ठिपक्यावर माउस नेला की टूलटिप म्हणजे एक छोटी चौकट उघडायची आणि त्या माणसाचं म्हणणं दिसायचं. चौकटीत फक्त म्हणणंच दिसावं, यासाठी शेवटी एक ओळ घालावी लागते. अंबिकाने ती घातली, पण साहेबांना गेली ती आदल्या दिवशीची फाइल. तिच्यात नावंही उघडत होती.

हे तिच्या लक्षात आलं तोवर साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ते खुशीत होते. एकेका लाल ठिपक्यावर माउस ठेवून त्यांनी कामावरून काढायच्या अकरा जणांची नावं कागदावर उतरवली होती. पहिलं बिभीषणचं.

“साहेब, ही नावं चुकीची जुळलीत,” अंबिका म्हणाली.

“मग बरोबर जुळवून दे. पुण्याला मात्र बिननावाची पाठव. चारला मीटिंग आहे.”

खरी नावं तर देता येत नव्हती. तिने एका आज्ञेसरशी बासष्ट नावं पत्त्यांसारखी पिसली आणि कोणाचं म्हणणं कोणाच्या नावावर गेलं ते न बघताच दोन्ही फाइली पाठवल्या. घाईत पुण्याची साहेबांना गेली, साहेबांची पुण्याला.

मीटिंगमध्ये पुण्याच्या साहेबांनी सगळ्यांत लाल ठिपका उघडला आणि मोठ्याने वाचलं, “‘माझी दोन बोटं गेली. मशीनला सेन्सर कधी बसवणार? हात गेल्यावर?’ दांडगे, हे तुम्ही लिहिलंत?”

दांडगे साहेबांनी दहा बोटं टेबलाखाली घेतली. नाही म्हणावं, तर गुप्त फॉर्मवर नावं कुठून आली ते सांगावं लागणार होतं.

“व्हय सर,” ते कसेबसे म्हणाले. “कामगारांची बोटं ती माझीच बोटं.”

पुण्याचे साहेब गहिवरले. पुढचे ठिपके बघायची त्यांना गरजच वाटली नाही. आठवड्यात, हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर बसला. अकरा नावांचा कागद साहेबांनी स्वतःच फाडला. त्यातलं कोण खरं, कोण खोटं, त्यांना आता कळत नव्हतं.

साहेबांनी काय लिहिलं ते कारखानाभर झालं होतं. बिभीषण पट्टी बांधलेला हात घेऊन अंबिकाच्या टेबलापाशी आला.

“ताई, मीबी तसंच लिव्हलं होतं. शब्दन् शब्द. पण आपलं कोण वाचतंय? साहेबांनी लिव्हलं म्हणून झालं.”

अंबिका तोंड उघडणार होती. मग तिला अकरा नावांचा तो कागद आठवला आणि तिने समोरचा तक्ता बंद केला.

बिभीषण केबिनमध्ये गेला. आठ बोटांचे हात जोडून त्याने साहेबांना वाकून नमस्कार केला. साहेबांनी तो घेतला.